एक काडी ओढायला कोल्हापूरला

कोल्हापूरला लोक अंबाबाईच्या दर्शनाला जातात, नाहीतर चपला घ्यायला. आम्ही नागपूरहून तिथे काडेपेटीतली एक काडी ओढायला गेलो. परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "मग काय काय पाहिलं?" प्रत्येकाला पहिल्यापासून सांगून माझा घसा बसला, म्हणून आता लिहूनच काढते.

आम्ही म्हणजे मी आणि मेश्राम. मेश्राम माझे यजमान. नवऱ्याला आडनावानं हाक मारायची सवय मला शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत लागली, ती घरी आली आणि राहिली. त्यांची सगळी नोकरी तार ऑफिसात गेली. त्यामुळे ते बोलतातही तारेसारखं, मोजकं, आणि एकदा बोलले की ते परत घेता येत नाही.

निवृत्त होऊन वर्ष व्हायच्या आत त्यांच्या उजव्या हाताची बोटं हलायला लागली. अंगठा बोटावर घासायचा, तंबाखू मळत असल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, कंपवात. मेश्राम आयुष्यात तंबाखूला शिवलेले नाहीत, त्यामुळे आजारापेक्षा लोकांच्या गैरसमजाचाच त्यांना जास्त ताप झाला. मग बटणं माझ्याकडे आली, दाढी न्हाव्याकडे गेली.

तेवढ्यात प्रज्ञाचं, आमच्या एकुलत्या एक मुलीचं, लग्न ठरलं. आमच्या लग्नात बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावतात, मग त्रिशरण-पंचशील आणि मग बाकीचं. ती मेणबत्ती आपले बाबाच लावतील हे प्रज्ञानं फ्रॉक घालत होती तेव्हाच जाहीर केलं होतं. मेश्रामांनी घरी करून पाहिलं. काड्या मोडल्या, पेटीच हातातून उडाली, आणि जी एक पेटली ती बनियनवर पडली. जळकं बनियन बदलून ते बाहेर आले आणि म्हणाले, "मेणबत्ती लावता आली तर मी हॉलवर येईन. नाही आली तर तुम्ही उरकून घ्या."

मी भांडले, प्रज्ञा रडली. तार गेली होती, परत येणार नव्हती.

माझी मावसबहीण शकू नर्स म्हणून कोल्हापूरकडे नोकरीला गेली आणि तिथलीच झाली. तिचा फोन आला, की इथे एक मॅडम आहेत, गाण्या-बजावण्यानं हात सुधारतात. मेश्राम म्हणाले, "गाण्यानं?" मी म्हटलं, "तुमच्या गोळ्यांनी काय केलं ते दिसतंच आहे." २००४च्या जानेवारीत आम्ही महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसलो. त्या प्रवासाबद्दल मी काही लिहिणार नाही, जो बसला आहे त्याला माहीत आहे.

उचगाव

शकूचं घर उचगावात, कोल्हापूरला अगदी चिकटून. तिचे यजमान पाळीवर गेले होते. कुठे, तर म्हणे पंचतारांकितमध्ये. मला वाटलं हॉटेल असेल, म्हणून म्हटलं, "वा!" नंतर कळलं, कागलच्या एमआयडीसीचं हे नाव. संध्याकाळी ते काळेकुट्ट होऊन आले तेव्हा माझ्या मनातले तारे विझले.

शकूची भाषा पार बदललेली. "दाजी, लाजायचं न्हाय हां, समदं आपलंच हाय," असं ती मेश्रामांना ज्या आवाजात म्हणाली, त्या आवाजात नागपुरात भांडण सुरू होतं. इथे सगळेच तसे बोलतात. पहिले दोन दिवस मी रस्त्यात थांबून बघायची, मारामारी कुठे लागली म्हणून. ते एकमेकांना चहाला बोलवत असायचे.

जेवायला तांबडा आणि पांढरा रस्सा. आमच्याकडे सावजीच्या रश्श्यावर तेलाचा तवंग इतका, की खाली मटण आहे हे विश्वासावर खायचं. इथला तांबडा दिसतो तेवढा तिखट नाही. हे मी शकूला सांगितलं आणि ते चुकलं. दुसऱ्या दिवशी तिनं मिरची वाढवली. पांढरा वाटीनं प्यायचा. ती वाटी मेश्रामांच्या हातात म्हणजे शर्ट धुवायला टाकायचा. शिवाय कोल्हापुरात ताटावर हात आडवा धरला तरी वाढतात, आणि मेश्रामांचा हात तर हलत असतो, म्हणजे वाढाच. पहिल्याच रात्री त्यांनी इतका रस्सा अंगावर घेतला, की शकूनं पुढच्या वेळी वाटी अर्धीच भरली. ते मेश्रामांच्या लक्षात आलं. ते जेवून लवकर झोपले.

मंगळवार पेठ

नीलिमा मॅडमचा वर्ग मंगळवार पेठेत, एका तालमीच्या वरच्या मजल्यावर. खाली पैलवान मातीत, वर आमच्यासारखे लोक सतरंजीवर. भिंतीशी एक पेटी, एक तबला, मुगाचा डबा, बटणं लावलेली फडकी, कुलुपं आणि किल्ल्या. मॅडम शिकलेल्या फिजिओथेरपी, आणि घरातून गाणं. त्यांनी मेश्रामांना सरळ सांगितलं, "काका, आजार मी बरा करत नाही. तुमचा हात तुमचं ऐकत नाही, पण ठेक्याचं ऐकतो का ते बघू. ऐकलं, तर त्या ठेक्यावर त्याला एकेक काम शिकवू. तुमचं काम कोणतं?"

"काडी ओढायची," मेश्राम म्हणाले.

"मेणबत्ती लावायची आहे, मुलीच्या लग्नात," मी म्हटलं, कारण त्यांच्या उत्तरावरून माणसाला विडी वाटली असती.

शेजारी एक धिप्पाड म्हातारे बसले होते. मुरगूडचे शेतकरी, बाबूराव. ते वळून म्हणाले, "कुठलं म्हणायचं पावणं?"

"नागपूर."

"आयला, काडीसाठी लई लांबनं आलासा की! माझाबी हातच. म्हशीची धार काढाय येईना झाली. आचळाला हात लावला की म्हस लाथ झाडायची. आता मॅडमनं ठेका बसवून दिलाय. कारभारीण बादली बडवती, त्यावर मी धार काढतो. एकच घोटाळा झालाय. म्हस आता बादली बडवल्याबिगर पानवत न्हाय."

मॅडमनी पेटी वाजवली. मेश्रामांनी तिच्या सुरावर एकेक मूग उचलून वाटीत टाकायचा. मूग खोलीभर झाले. मग तबला. मूग जिन्यापर्यंत गेले. पेटीची पट्टी दाबायला सांगितली, तर एका सा मध्ये तीन सा निघाले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मॅडमचा धीर सुटेना, माझा सुटला. मी रंकाळ्यावर भेळ खाताना मेश्रामांना म्हटलं, "काय बाई, इतक्या लांब आलो नि मूग वेचतोय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, तळ्याकडे पाहिलं. मला वाईट वाटलं, पण भेळ संपवली.

आणि मग एका दुपारी खाली तालमीत हलगी सुरू झाली. कुस्तीच्या मैदानात वाजवतात तशी, कडक. मेश्राम मूग उचलत होते. हात थरथरायचा थांबला. एक मूग उचलला, टाकला. दुसरा, तिसरा. बोटं आपोआप, त्या हलगीबरोबर. मॅडम उठून उभ्या राहिल्या.

"हलगी!" बाबूराव ओरडले. "मॅडम, पावण्याचं औषध गावलं बघा!"

मेश्रामांनी हातातला मूग खाली ठेवला. उजवा हात उचलून मांडीखाली घातला आणि त्यावर बसून राहिले. हलगी वाजत होती. त्यांनी हात का दाबून ठेवला ते मला माहीत होतं, पण ते मी सांगायचं नव्हतं.

मुरगूड

रविवारी बाबूरावांनी आम्हाला मुरगूडला जेवायला बोलावलं. बोलावलं म्हणजे गाडीच पाठवली, नाही म्हणायची सोय नव्हती. जानेवारी असल्यानं रस्ताभर उसाच्या गाड्या आणि गुऱ्हाळांचा वास. आमच्याकडे संत्र्यांचे ट्रक जातात त्याच तोऱ्यात इथे ऊस जातो, फक्त मागून पोरं लोंबकळून ओढून घेतात तो ऊस.

बाबूरावांच्या घरी आधी ती प्रसिद्ध धार पाहिली. त्यांच्या बायकोनं बादली बडवली, बाबूराव बसले, म्हशीनं पान्हा सोडला. थरथरत्या हाताची ती धार सरळ भांड्यात पडत होती. "अक्का, ताजं दूध घ्या," म्हणून त्या बाईंनी फेसाचा पेला माझ्या हातात दिला. न तापवलेलं दूध प्यायचं ही यांची चैन. आमच्याकडे चहात घालण्यापुरतं दूध असतं. मी डोळे मिटून प्यायले. बरं होतं.

मग पाट मांडले. ताटं आली. आणि बाबूराव आतून एक नवी कोरी हलगी घेऊन आले, गोंडे लावलेली. चारचौघं शेजारी जमले होते. बाबूरावांनी ती दोन्ही हातांनी मेश्रामांपुढे धरली.

"मुद्दाम करून आणलीया, पावण्याचा मान म्हणून. घाला गळ्यात! वाजवा की, हात कसा सुटतोय बघा!"

मेश्राम म्हणाले, "मी घेणार नाही."

"घ्या की! लाजतासा काय?"

"बाबूराव, हिला आमच्याकडे डफडं म्हणतात. माझ्या वडिलांनी ते गावासमोर खाली ठेवलं आहे. मी उचलणार नाही."

अंगणातले आवाज बंद झाले. कोल्हापूर जिल्ह्यात इतकी शांतता मी पंधरवड्यात तेवढीच ऐकली.

मेश्रामांनी मग सांगितलं. मला वाटलं नव्हतं, की परक्यांपुढे सांगतील. उमरेडकडच्या त्यांच्या गावात लग्न असो, मढं असो, पाटलाकडे पाहुणा येवो, डफडं वाजवायला त्यांच्या वडिलांनी जायचं. पावसात, तापात, जेवणावरून उठून. बोलावणं आलं की जायचं. छप्पन्न साली वडील नागपूरला दीक्षा घेऊन आले. दुसऱ्या दिवशी डफडं पाटलाच्या ओट्यावर नेऊन ठेवलं आणि म्हणाले, आता वाजवायचं असेल तर तुम्ही वाजवा. त्यानंतर वर्षभर त्या गावात त्यांना कुणी काम दिलं नाही.

"आता आमच्याकडं समदीच वाजवत्यात," बाबूराव हळू म्हणाले. "मी वाजवतो, माझा पुतण्या वाजवतो. पावण्या, त्यात काय कमीपणा न्हाय राहिलेला."

"तुम्ही हौसेनं वाजवता. माझा बाप हुकमानं वाजवायचा."

बाबूराव एकदम उखडले. "मग आदी सांगायचं न्हाय व्हय? मला काय सपान पडतंय?" हलगी आत नेऊन ठेवली, बाहेर आले, मेश्रामांसमोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "चुकलं माझं. जेवा आता, रस्सा गार होतोय."

माणूस असा असावा. मला तिथेच रडू येत होतं, पण रस्सा खरोखर गार होत होता.

आम्ही जेवलो. काडीचं आता काय, हे मी मनात घोळवत होते. एक औषध लागू पडलं होतं आणि ते घ्यायचं नव्हतं. नाही घ्यायचं तर नाही, मेश्रामांचं बरोबरच होतं. पण प्रज्ञाचा चेहरा डोळ्यांपुढून जात नव्हता.

बाबूरावांना गप्प बसवत नाही. हाड चोखता चोखता त्यांनी विचारलं, "तुमच्या बानं ते ठेवलं. बरं केलं. मग तुमी काय उचललासा?"

"तारेची चावी."

"ती वाजती व्हय?"

"तिचं दुसरं काम काय? वाजायचंच."

"वाजवा की मग!"

मेश्रामांनी माझ्याकडे पाहिलं. मग चमचा घेतला आणि स्टीलच्या ताटाच्या काठावर वाजवायला लागले. कड, कड, कड, कट-कट. थांबून पुन्हा. कड, कड, कड, कट-कट. तीन लांब, दोन आखूड. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. हात स्थिर होता. मोर्सची ती ठोकायची चावी ऑफिसातून जाऊन टेलिप्रिंटरची यंत्रं आली त्याला कितीतरी वर्षं झाली होती, मेश्राम नंतर यंत्रापुढे बसूनच निवृत्त झाले, पण हाताला सगळं पाठ होतं.

"म्हंजे काय झालं हे?" बाबूरावांच्या बायकोनं विचारलं.

"आठचा आकडा. शुभेच्छांच्या तारेला नंबर असतात. आठ नंबर म्हणजे लग्नाच्या शुभेच्छा. लग्नसराईत दिवस दिवस आठच वाजवायचो. रात्री झोपेतसुद्धा."

हे खरं होतं. लग्नानंतर कितीतरी रात्री या माणसानं झोपेत माझ्या खांद्यावर काहीतरी ठोकलं होतं. मी समजत होते डास.

पुन्हा उचगाव

नीलिमा मॅडमना सोमवारी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "काका, हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं, की तुमच्या हातात कोणता ठेका आहे. चला, मूग सोडा." त्यांनी रीत बसवून दिली. डाव्या हातानं टेबलावर आठ वाजवायचा. तीन लांबांत उजव्या हातानं काडी धरायची, पेटीवर टेकवायची, नेम धरायचा. दोन आखुडांत ओढायची. पेटी आधी टेबलाला चिकटवून टाकायची, म्हणजे ती पकडायला तिसरा हात नको.

उरलेले दिवस आम्ही शकूच्या घरी काड्या ओढल्या. शकूच्या यजमानांनी विचारलं, गॅस बिघडलाय का. दुकानदार मला बघितलं की न विचारता काडेपेट्या पुढे करायला लागला. टेबलक्लॉथला एक भोक पडलं, ते शकूनं वर भाजीची टोपली ठेवून झाकलं. कधी काडी पेटायची, कधी मोडायची, कधी पेटून मेणबत्तीपर्यंत पोचायच्या आत विझायची. मेश्राम पूर्वीइतके गप्प राहिले नाहीत. एकदा तर काडी पेटल्यावर "नाद खुळा!" म्हणाले. नागपूरच्या तार ऑफिसात हे कुणी ऐकलं असतं तर चौकशी लागली असती.

हात बरा झाला का? नाही. बटणं अजून माझ्याकडेच आहेत. निघताना मॅडम म्हणाल्या, "गोंगाटात ठेका सुटू देऊ नका." लग्नाच्या हॉलमध्ये गोंगाट सोडून दुसरं काय असतं, हे मी त्यांना बोलले नाही.

नागपूर

लग्नाच्या सकाळी दारात तार आली, मुरगूडहून. आठ नंबर. खाली बाबूराव आणि कारभारीण. मेश्रामांनी ती कितीतरी वेळा वाचली, मग म्हणाले, "काल दुपारी केलेली आहे. आमच्या वेळी रात्रीच पोचली असती." घडी करून ती वरच्या खिशात ठेवली आणि कोट मागितला. म्हणजे हॉलवर येणार होते.

हॉलमध्ये स्टेजवर टेबल, दोन फोटो, फुलं, मेणबत्ती. आमची चिकटवलेली पेटी मीच नेऊन ठेवली. भन्तेजींनी खूण केली. मेश्राम पुढे गेले. बाहेर बँड, आत लेकरं, वर पंखे. पहिली काडी मोडली. दुसरी पेटली आणि पंख्यानं विझवली. तिसरी हातातून पडली. आता डावा हातही हलायला लागला होता, ठेका मिळेना. प्रज्ञा नवऱ्याशेजारी उभी, ओठ चावत. व्याह्यांकडचे एक काका मदतीला उठले, खिशातून लायटर काढून. मी म्हटलं, "बसा." शाळेत बत्तीस वर्षं जसं म्हटलं तसं म्हटलं. ते बसले.

मेश्रामांनी डावा हात टेबलावर ठेवला. शेजारी भन्तेजींचा माइक होता, त्यामुळे त्यांची टकटक सगळ्या हॉलमध्ये ऐकू आली. कड, कड... आणि चुकली. पुन्हा. पुन्हा चुकली.

तेव्हा मागून आवाज आला. तिसऱ्या रांगेत तार ऑफिसातली निवृत्त मंडळी बसली होती, टकली, कवळीवाली. त्यातल्या एकानं अंगठीनं खुर्चीच्या लोखंडी दांड्यावर वाजवलं. कड, कड, कड, कट-कट. शेजारच्यानं किल्ल्यांनी धरलं. मग अख्खी रांग. ते न बोलता, गंभीर चेहऱ्यानं, एका सुरात आठ नंबर पाठवत होते. लोकांना काही कळत नव्हतं, पण लेकरंसुद्धा गप्प झाली. कुणीतरी पंखा बंद केला.

मेश्रामांचा उजवा हात त्या ठेक्यावर आला. काडी धरली. टेकवली. नेम धरला. ओढली.

पेटली. ज्योत वातीपाशी गेली, थोडी थांबली, आणि मेणबत्ती लागली.

प्रज्ञा मोठ्यानं रडली. मीही रडले, लपवत नाही. तार ऑफिसनं टाळ्या वाजवल्या. मेश्राम मात्र फोटोंकडे बघत उभेच राहिले, हातात ती जळती काडी धरून. हात जराही हलत नव्हता. ज्योत सरळ उभी, काडी जळत जळत बोटांपर्यंत आली, तरी त्यांचं लक्ष नाही.

मी पुढे गेले आणि त्यांच्या कानात म्हटलं, "मेश्राम, आता हलवा की हात. विझवायची आहे ती."